उसन्या टाळ्या

संपादकांचा फोन आला की दुबईतल्या स्टुडिओचे अनुभव लिहा, जरा रंजक लिहा. मी म्हटलं, रंजक पुष्कळ आहेत, पण त्यातले निम्मे लोक अजून माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत. मग लक्षात आलं, त्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. तेव्हा लिहिते मोकळ्या मनाने.

माझ्या कामाबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात. एक म्हणजे मी गाते, आणि दुसरा म्हणजे मला मोठमोठी माणसं भेटतात. मी गायला लागले तर आमच्या करामातल्या बिल्डिंगचा वॉचमन काय झालं म्हणून वर येईल. आणि माणसं म्हणाल तर माझ्याकडे येतात ते अत्तराच्या दुकानाची जाहिरात करणारे, नातवाच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवाजात गाणं भेट देणारे आजोबा आणि शाळेच्या गॅदरिंगचे ट्रॅक बनवणाऱ्या बाया. मी मिक्सिंग करते. पुण्यात रेडिओवर टेप कापत शिकले, लग्न करून इकडे आले, आणि गेली अठ्ठावीस वर्षं अल क्वोजमधल्या एका गोदामात बसून लोकांचे आवाज नीटनेटके करते आहे.

मिक्सिंग म्हणजे काय ते एकदाच सांगते. गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा प्रत्येक वाद्य वेगळं साठवलेलं असतं. गिटार वेगळी, ड्रम वेगळा, गळा वेगळा. सगळे एकाच वेळी ओरडत असतात. कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे बसवायचं आणि कोणाला जरा गप्प करायचं हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. लग्नाच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफर जे करतो तेच, फक्त माझ्या फोटोतली रुसलेली मावशी ड्रम वाजवत असते.

आमच्या स्टुडिओच्या एका बाजूला सुतारांचं वर्कशॉप आणि दुसऱ्या बाजूला टायरवाला. समोर मशीद. त्यामुळे आमचं रेकॉर्डिंगचं वेळापत्रक अजानच्या वेळा बघून लागतं. नवीन गायक विचारतात की ब्रेक कधी, मी म्हणते अस्रला, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला. सुतार आमचे मित्र आहेत. त्यांना फोन केला की दहा मिनिटं करवत बंद ठेवतात, त्याच्या बदल्यात मी त्यांना दिवाळीत चकल्या देते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. फार वर्षांपूर्वी एका गुजराती कुटुंबाने त्यांच्या आजोबांचं भजन रेकॉर्ड करून घेतलं. आजोबांना खोकला होता. दर दोन ओळींनी खोकायचे. मी एक अख्खा दिवस बसून एकेक खोकला उचलून फेकला. भजन असं स्वच्छ केलं की माझी मलाच शाबासकी दिली. वर्षभराने त्यांची सून आली. आजोबा गेले होते. ती म्हणाली, रेकॉर्डिंग छान आहे, पण घरात लावलं की ते आमचे वाटत नाहीत, तो खोकला परत घालता येईल का? मी तो पुसून टाकला होता. ती थँक्यू म्हणून गेली, आणि मी त्या दिवसापासून काहीही पुसायचं बंद केलं. माझ्या कपाटात हार्ड डिस्कची चवड आहे. त्यात खोकले आहेत, शिंका आहेत, "हॅलो हॅलो माइक टेस्टिंग" आहे आणि आमच्या मराठी मंडळाच्या वीस वर्षांच्या कार्यक्रमांच्या टाळ्या आहेत. मंडळाचं रेकॉर्डिंग मी हौसेने करते.

आता ग्लेनची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत दार उघडून सहा फुटांचा एक माणूस आत आला. डोक्यावर काउबॉयची टोपी, पायात उंच बूट, आणि बाहेरून टायरवाल्याची सगळी माणसं त्याला बघायला दारापर्यंत आलेली. हा ग्लेन. कॅनडातल्या गव्हाच्या शेतांमधला, अबुधाबीत तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, वय साठ. त्याच्या मागून त्याचा बँड आला. सायमन नावाचा गोव्याचा ड्रमर, जो बँकेत लोन नाकारायचं काम करायचा. लिजी नावाची केरळची नर्स, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायची ती इथे वाजवायला लागली. आणि रॉमेल नावाचा फिलिपिनो, बेस गिटार वाजवायचा आणि मी ओळखते तेव्हापासून एकूण अकरा शब्द बोलला असेल. बँडचं नाव फिफ्टी डिग्री रायडर्स. पन्नास डिग्रीत घोड्यावर कोण बसतो हे मी विचारलं नाही.

ते कंट्री रॉक वाजवायचे. म्हणजे गुराख्यांची गाणी, त्यांत ट्रक, पाऊस, कुत्रा आणि सोडून गेलेली बायको, आणि खाली दणदणीत ड्रम. मला पहिल्या दिवशी त्यातलं काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरताना पाय आपटत होते आणि माझी मुलगी दारात उभी राहून मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती.

ग्लेनला आल्बम हवा होता. पाच गाणी स्टुडिओतली, पाच लाइव्ह. मेच्या पहिल्या आठवड्यात तो निवृत्त होऊन कायमचा परत जाणार होता. मी विचारलं, अर्धी लाइव्ह कशाला, सगळी इथेच करा, स्वच्छ होतील. तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं. त्याची आई सत्त्याऐंशी वर्षांची. एकटी राहते, आता हा जाऊन तिच्यापाशी राहणार. तिने आयुष्यभर एकच धोशा लावला होता की गाण्याने कोणाचं भलं होत नाही, नोकरी कर. त्याने नोकरी केली. पण वीस वर्षं तो तिला फोनवर सांगत आला की आई, माझा बँड आहे, लोक ऐकायला येतात. आणि ती दर वेळी म्हणायची, बरं. तिची नक्कल करून त्याने ते "बरं" म्हणून दाखवलं, आणि मला माझी आई आठवली. जगातल्या सगळ्या आया ते "बरं" एकाच सुरात म्हणतात बहुतेक.

"तिला लोक ऐकवायचेत," तो म्हणाला. "गाणी नाही ऐकली तरी चालेल."

स्टुडिओतली पाच गाणी झकास झाली. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. लिजी रात्रपाळी करून सकाळी थेट युनिफॉर्ममध्ये यायची आणि व्हायोलिन खांद्याला लावलं की जिवंत व्हायची. सायमनला मी म्हणायचे, जरा हळू वाजव, हा ड्रम आहे, लोनचा अर्ज नाही. तो माझ्याशी कोकणीमिश्रित मराठीत भांडायचा. सुतारही खूश होते. एका गाण्याला लाकडाचा ठोका हवा होता तर त्यांच्यातल्या उस्मानभाईंनी हातोडीने वाजवून दिला, आणि आल्बमवर त्यांचं नाव छापलं आहे.

मग लाइव्ह रेकॉर्डिंग. एका मोठ्या हॉटेलात बँड शनिवारच्या ब्रंचला वाजवायचा. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, ब्रंच म्हणजे दुपारी साडेबारा ते चार, खुर्चीतून उठवेनासं होईपर्यंत खायचं. मी माझा सगळा संसार घेऊन गेले. लाइव्हमध्ये वाद्यांच्या माइकशिवाय दोन माइक लोकांकडे तोंड करून लावतात. ते टाळ्या, शिट्ट्या, हॉलचा श्वास घेतात. त्यांच्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की आपणही तिथे बसलो आहोत.

घरी येऊन ते दोन माइक ऐकले आणि कपाळाला हात लावला. काटे, चमचे, बशा. एक बाई पूर्ण दोन गाणी तिच्या घरमालकाबद्दल बोलत होती. गाणं संपलं की तीन माणसं टाळ्या वाजवायची, त्यातला एक रॉमेलचा मेव्हणा. आणि शेवटचं गाणं होतं ग्लेनने स्वतः लिहिलेलं, सगळ्यात हळवं. लांबच्या गावात एका रिकाम्या स्वयंपाकघरात फोन वाजतोय आणि आई शेतावर गेली आहे, असं गाणं. त्यात मध्ये सगळी वाद्यं थांबतात. चार सेकंद पूर्ण शांतता. त्या शांततेत वेटरचा आवाज स्वच्छ, अगदी मधाळ, "स्टिल ऑर स्पार्कलिंग, सर?"

पाणी साधं हवं की बुडबुड्यांचं, हे त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला ऐकवायचं होतं.

मी दोन्ही माइक बंद करून बघितले. मग तर गाणी अशी वाटायला लागली की बँड एखाद्या रिकाम्या टाकीत वाजवतोय. दोन दिवस मी नुसती चिडचिड केली. नवरा डबा न मागता ऑफिसला गेला. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं, मंडळाची हार्ड डिस्क काढली, आणि दिवाळी पहाटच्या नाट्यसंगीताच्या टाळ्या काउबॉयच्या गाण्याखाली लावल्या.

काय सांगू तुम्हाला. गाणं उठून उभं राहिलं. आपले लोक टाळ्या वाजवतात त्या काही साध्या नसतात. पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक, मागे त्यांची मुलं, आणि सकाळी पाचला उठून, नटून आल्यामुळे प्रत्येकाने वसूल करायचंच ठरवलेलं. मी मोहात पडले. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचही झाली. अधेमधे "वा", "क्या बात है" होतं ते कापलं. एके ठिकाणी, त्या फोनच्या गाण्यानंतर, टाळ्यांच्या लाटेवर एक बाईचा खणखणीत आवाज होता, "वन्स मोअर!" तो मी मुद्दाम ठेवला. इंग्रजीच आहे, कोणाला काय कळतंय. हे सगळं मी मुलीला मोठ्या प्रौढीने ऐकवलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली फ्रॉड." मी म्हटलं, फ्रॉड नाही, याला फिनिशिंग म्हणतात.

ऐकवण्याच्या दिवशी चौघे माझ्या सोफ्यावर दाटीवाटीने बसले. पहिल्या लाइव्ह गाण्याच्या टाळ्या आल्या आणि लिजीने ग्लेनचा हात धरला. दुसऱ्याला सायमनने माझ्याकडे वळून बघितलं. त्याने एका टाळीवरून ओळखलं होतं की ही माणसं ब्रंचची नाहीत. तो माझ्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाला, मॅडम, ह्या लोकांनी मोगऱ्याचे गजरे घातले आहेत ना? मी त्याच्या पायावर पाय दिला. शेवटी फोनचं गाणं, टाळ्या, आणि ते "वन्स मोअर."

ग्लेन उठून उभा राहिला. एवढा सहा फुटांचा माणूस, त्याला काय करावं कळेना. आधी त्याने रॉमेलला मिठी मारली, मग मला, मग स्पीकरला. म्हणाला, मला वाटायचं कोणी ऐकत नाही, मी वीस वर्षं चमच्यांकडे बघून गातोय. आणि मग म्हणाला की ती बाई कोण, कोणत्या टेबलावर होती, हॉटेलातून शोधून काढू, मला जायच्या आधी तिला भेटायचंय.

माझी बोबडी वळली. सायमन खिडकीबाहेर बघायला लागला, आणि माझ्या स्टुडिओला खिडकी नाही.

मी म्हटलं, शोधते. खरं म्हणजे शोधायची गरजच नव्हती. तो आवाज देवधरकाकूंचा. करामात आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे सहा महिने राहायच्या, उरलेले सहा ठाण्याला. शाळेत गणित शिकवलेल्या. मंडळाच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत बसायच्या आणि वन्स मोअर द्यायचा की नाही हे सबंध सभागृह त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. मी त्यांच्याकडे गेले आणि चहा घेता घेता सुचवलं की काकू, एक गंमत करायची आहे. एका साहेबाला फक्त एवढंच सांगायचं की तुम्ही त्या हॉटेलात होतात.

काकूंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "अगं, मी न ऐकलेल्या गाण्याला वन्स मोअर कधी दिला?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, साडी बदलली, आणि म्हणाल्या, चल.

मला वाटलं तयार झाल्या. टॅक्सीत मी त्यांच्याकडून टेबल नंबरसुद्धा पाठ करून घेतला. स्टुडिओत ग्लेनने टोपी काढून, वाकून नमस्कार केला. काकूंनी त्याला बसवलं, आपण समोर बसल्या, आणि गणिताच्या बाईंच्या स्वच्छ इंग्रजीत पहिलंच वाक्य म्हणाल्या की मी तिथे नव्हते. मग टाळ्या कुठल्या, कधीच्या, कोणत्या पदाला पडलेल्या, सगळं क्रमाने सांगितलं. मी त्या वेळी मिक्सरच्या बटणांवरची धूळ पुसत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आजोबांचा खोकला काढला तेव्हा मी चुकले होते, पण इथे मी एका माणसाला खोटा आनंद दिला होता आणि त्याने तो पाच दिवस जपून ठेवला होता.

ग्लेन रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या दिवशी खरंच कोणी ऐकत नव्हतं," तो म्हणाला.

मग काकू म्हणाल्या, मी आता ऐकते, गाणं म्हणा. त्याने गिटार घेतली आणि ते फोनचं गाणं एकट्याने म्हटलं. आम्ही सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत होतो. गाणं संपलं. काकूंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. वन्स मोअर दिला नाही. म्हणाल्या, चांगलं आहे, पण तुम्ही प्रत्येक ओळीचा शेवट गिळता आणि खाली बघून गाता. खाली बघून वर्ग शिकवला तर मुलं डबे खातात.

आणि मग त्यांनी पर्समधून मंडळाचं पत्रक काढलं. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम, शाळेच्या सभागृहात, आठवड्यावर आलेला. लेझीम आणि लकी ड्रॉ यांच्यामध्ये पंधरा मिनिटं रिकामी आहेत, म्हणाल्या, कारण पोवाडा म्हणणाऱ्यांची बदली झाली. ग्लेनचं विमान त्यानंतर तीन दिवसांनी होतं. तो हो म्हणाला.

मंडळाच्या कमिटीला काउबॉय पटवायला मला नाकी नऊ आले ते वेगळंच. अध्यक्षांचा प्रश्न होता की यात महाराष्ट्र कुठे आहे. सायमन म्हणाला, मी सावंतवाडीच्या आजीचा नातू आहे, चालेल? चालला.

तो दिवस म्हणजे नुसता गोंधळ. मेकअप रूममध्ये नऊवारी नेसलेल्या सोळा बाया, आणि त्यांच्यात बूट घातलेला ग्लेन. कोणीतरी त्याला फेटा बांधला. त्याची टोपी कोणाच्या तरी नातवाने पळवली ती शेवटपर्यंत सापडली नाही. लिजीच्या केसांत गजरा आला. रॉमेलच्या हातात कोणीतरी बटाटेवडा दिला, तो खाऊन तो स्पष्ट म्हणाला, "गुड." त्याचा त्या महिन्यातला तो पहिला शब्द असावा. मी माइक लावले. लोकांकडे तोंड करून दोन नाही, चार. या वेळी काही उसनं घ्यायचं नव्हतं.

लेझीम संपली. निवेदिकेने बँडचं नाव मराठीत भाषांतर करून सांगितलं, सगळे हसले, आणि ते सुरू झाले. पहिलं गाणं दणदणीत. लहान मुलं पुढच्या मोकळ्या जागेत नाचायला लागली, मोठी माणसं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. टाळ्या ठीक. मग फोनचं गाणं. ग्लेनने वर बघितलं. फेट्यातला तो गोरा माणूस तिसऱ्या रांगेकडे बघून गायला लागला आणि ओळीचा एकही शेवट गिळला नाही. मध्ये ती चार सेकंदांची शांतता आली. सहाशे मराठी माणसं एका सभागृहात चार सेकंद गप्प बसली, हे माझ्याकडे रेकॉर्डिंगमध्ये आहे, कोणाला खोटं वाटेल त्याने येऊन ऐकावं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. मी काकूंकडे बघितलं. काकू मान खाली घालून बसलेल्या. इकडे निवेदिका लकी ड्रॉचा डबा घेऊन विंगेतून निघालीसुद्धा. माझ्या कानाला हेडफोन. त्यात ग्लेन लिजीला हळूच म्हणाला ते ऐकू आलं, "इट्स ओके. दे लिसन्ड." तो गिटारचा पट्टा खांद्यावरून काढत होता.

ते गाणं मी तीन महिन्यांत किती वेळा ऐकलं होतं याला गणती नाही. या धंद्यात हेच होतं. एकेका ओळीसाठी गाणं मागे पुढे, मागे पुढे करत शेकडो वेळा ऐकायचं, आणि काम संपलं की ते गाणं आयुष्यात पुन्हा कानावर पडू नये असं वाटतं. चांगल्यातली चांगली गाणी माझ्यासाठी अशी मेली आहेत. आणि त्या क्षणी मला ते पुन्हा हवं होतं. आत्ता, लगेच, पहिल्यापासून. मी खुर्चीवरून कधी उठले मला माहीत नाही.

"वन्स मोअर!"

माझ्यासमोर स्टेजशी बोलायचा माइक चालू होता. माझा आवाज सभागृहातल्या सगळ्या स्पीकरमधून गेला. मिक्सरवरचे सगळे दिवे लाल झाले. सहाशे माणसं मागे वळली. निवेदिकेच्या हातातला डबा पडला आणि लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या स्टेजभर पसरल्या.

तिसऱ्या रांगेतून देवधरकाकू उभ्या राहिल्या, डोळे पुसत. त्या शांततेत त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"अगं, मी देणारच होते. रडू तर आवरू दे."

मग जे सुरू झालं ते मला लिहिता येणार नाही. काकूंनी दिला, मागून पन्नास जणांनी दिला, लेझीमवाल्यांनी विंगेत लेझीम वाजवायला सुरुवात केली, कोणीतरी शिट्टी मारली, ते आमचे अध्यक्ष होते असं नंतर कळलं. ग्लेन फेटा सांभाळत हसत होता आणि रडत होता. सायमनने वाट न बघता ठेका धरला. गाणं पुन्हा झालं. या वेळी सगळे टाळ्यांनी ताल देत होते, अर्ध्या लोकांचा ताल चुकत होता, आणि मी हेडफोन काढून ठेवून त्या अर्ध्यांमध्ये होते.

आल्बमसाठी आम्ही तीनच दिवसांत सगळं फिरवलं. उसन्या टाळ्या मी काढल्या. ब्रंचची चार गाणी ग्लेनने आहेत तशी ठेवायला सांगितली, काटेचमच्यांसकट, घरमालकाबद्दल बोलणाऱ्या बाईसकट. म्हणाला, हे पण माझं आयुष्य आहे. दहावं गाणं सभागृहातलं. माझा आवाज त्यात इतका फाटलेला आहे की कुठल्याही इंजिनिअरने तो ठेवला नसता. मी कापायला गेले तर चौघांनी माझा हात धरला. रॉमेल म्हणाला, "नो." आल्बमच्या कव्हरवर माझ्या नावापुढे लिहिलं आहे, रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि ओरडा.

दीड महिन्याने ग्लेनचा व्हिडिओ कॉल आला. मागे स्वयंपाकघर दिसत होतं, बाहेर हिरवी शेतं. मी आधी काही विचारलंच नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, उन्हाळा, सुतार, टायरवाला. शेवटी राहवेना. विचारलं, आईने ऐकलं का?

तो म्हणाला, ऐकलं, बरं म्हणाली. माझा चेहरा पडला तो त्याला दिसला असावा. मग हसत सुटला. म्हणाला, पण आता रोज सकाळी स्वतः लावते. एकच लावते, शेवटचं. आणि गाणं पुढे ढकलून देते. माझा आवाज ऐकतच नाही. तुझ्या ओरडण्यापासून पुढचे चाळीस सेकंद लावते, संपले की मागे घेते, पुन्हा लावते. त्याची तक्रार होती की एवढं लिहिलेलं, एवढं गायलेलं गाणं, त्याची एक ओळ ऐकत नाही ही बाई.

मी म्हटलं, अरे, आई आहे ती. तिला गाणं कशाला हवंय?